आकडा पहिल्या पानावर, अटी शेवटच्या तीन पानांवर

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी पन्नाशीच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, मुख्य बाजारपेठेत, त्यांच्या वडिलांनी 1988 साली बांधलेली दुमजली व्यापारी इमारत आहे. तळमजल्याच्या अर्ध्या भागात एका बँकेची शाखा आहे (भाडे महिना 58,000 रुपये) आणि उरलेल्या अर्ध्यात वडिलांच्या वेळेपासूनचे किराणा दुकान आहे (भाडे महिना 1,200 रुपये). वरच्या मजल्यावर शिकवणीवर्ग चालतो. त्याचे 40,000 रुपये येतात. आईवडील हयात नाहीत, मृत्युपत्र नाही आणि वारस तिघे आहेत. थोरल्या भावाने बाकी दोघांचे हिस्से विकत घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यासाठी त्याने एक मूल्यांकन अहवाल पुढे केला आहे. तो दोन वर्षांपूर्वी कर्जासाठी करून घेतला होता, पण ते कर्ज पुढे घेतले गेले नाही. त्यात किंमत 3 कोटी 12 लाख आहे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 1 कोटी 4 लाख येतात. अहवालाच्या शेवटी ‘गृहीतके व मर्यादा’ या मथळ्याखाली सतरा कलमे आहेत. ती वाचून ताईंच्या यजमानांचे मत झाले की व्हॅल्यूअरने सतरा ठिकाणी हात झटकले आहेत, तेव्हा हा कागद रद्दीत घालावा. या अटींमुळे आपला हिस्सा कमी झाला असा ताईंचाही समज आहे. त्या विचारतात, की अहवाल फेकून द्यावा का, कोणतीही अट न घालता छातीठोक किंमत सांगणारा दुसरा माणूस शोधावा का, आणि हे सगळे दादाला न दुखावता कसे करावे.

ताई, नमस्कार.

तुम्ही त्या सतरा कलमांची छायाप्रत आणि मालमत्ता पत्रकाचा उतारा पत्रासोबत जोडलात, हे फार बरे केलेत. मला येणाऱ्या पत्रांसोबत बहुधा फक्त पहिल्या पानाचा फोटो असतो, ज्यावर आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि त्या एका फोटोवरून ‘बरोबर की चूक’ सांगावे अशी अपेक्षा असते. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत मोजपट्टी घेऊन गाळे, गोदामे आणि हॉटेले मोजत हिंडलो आहे, त्यामुळे अशी कलमे मी शेकडो वेळा लिहिली आहेत. त्यांतली काही विचारपूर्वक लिहिली आणि काही, खरे सांगायचे तर, आधीच्या अहवालातून जशीच्या तशी उतरवली. म्हणून तुमच्या यजमानांचा राग मला समजतो. पण अट घातली म्हणजे हात झटकले, हे त्यांचे गृहीतक मला मान्य नाही.

3 कोटी 12 लाख हा आकडा म्हणजे एका लांब वाक्याचा उत्तरार्ध आहे. त्याचा पूर्वार्ध ‘जर’ने सुरू होतो आणि तो शेवटच्या तीन पानांवर आहे. जर हक्क निर्वेध (म्हणजे बोजा किंवा वाद नसलेला) असेल, जर क्षेत्रफळ 3,200 चौरस फूट असेल, जर बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असेल, जर इमारत रिकाम्या ताब्यासह मिळणार असेल, तर त्या तारखेला किंमत इतकी. व्हॅल्यूअर हा वकील नसतो, भूमापक नसतो आणि संरचना तपासणारा अभियंताही बहुधा नसतो, त्यामुळे काही गोष्टी त्याला धरून चालाव्याच लागतात. ज्या अहवालात एकही अट लिहिलेली नाही, त्यातही गृहीतके असतातच. फरक इतकाच की ती तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून बिनअटीच्या व्हॅल्यूअरचा शोध सोडून द्या. तसा माणूस सापडलाच, तर त्याच्यापासून दूर राहा.

तरीही सगळ्या अटी सारख्या नसतात. अमेरिकेतल्या मूल्यांकनाच्या मानकांत एक भेद केलेला आहे, आणि आपल्याकडे तो बोलण्यात फारसा येत नसला तरी तुमच्या कामाचा आहे. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे ठाऊक नसताना ती खरी धरून चालणे, ही एक जात. आणि एखादी गोष्ट खरी नाही हे पक्के ठाऊक असतानाही, मागणीप्रमाणे ती खरी असती तर किंमत किती झाली असती हे काढणे, ही दुसरी. दोन्ही चालतात, पण त्या तशा आहेत हे उघड सांगावे लागते आणि त्यांच्यामुळे आकडा बदलला असू शकतो हेही नोंदवावे लागते. तुमच्या कलम 3 मधले ‘हक्क निर्वेध व विक्रीयोग्य आहेत’ हे पहिल्या जातीचे आहे. त्याची खातरजमा वकिलाच्या शोध अहवालाने होते आणि ते काम व्हॅल्यूअरवर ढकलता येत नाही. कलम 8 मात्र दुसऱ्या जातीचे आहे, आणि तुमच्या प्रकरणाची सारी गाठ तिथेच आहे.

कलम 8 म्हणते: ‘मालमत्ता रिकाम्या व शांततापूर्ण ताब्यासह हस्तांतरित होईल असे गृहीत धरले आहे.’ ज्या दिवशी हे वाक्य लिहिले गेले, त्या दिवशी तळमजल्यावर किराणा दुकान उघडे होते आणि ते आजही उघडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 बँकांना दिलेल्या जागांना लागू होत नाही, त्यामुळे शाखेचे नाते करारापुरते आहे. वरचा शिकवणीवर्ग तुम्ही लिहिता त्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सवर आहे, म्हणजे मुदत संपली की जागा मोकळी करून मागता येते. किराणा दुकानाचे तसे नाही. त्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण आहे, आणि मूळ भाडेकरूच्या पश्चात त्याच्यासोबत धंदा करणाऱ्या कुटुंबीयांकडेही ते जाऊ शकते. अर्धा तळमजला रिकामा धरून काढलेली किंमत आणि तो बाराशे रुपयांवर अडकलेला आहे असे धरून काढलेली किंमत, या दोहोंत मोठा फरक पडणार.

किती मोठा, हे पाहण्यासाठी अहवालातली आकडेमोड समोर घ्या. जमीन 3,200 चौरस फूट, दर 8,000 रुपये, म्हणून 2 कोटी 56 लाख. घसारा वजा जाता इमारत आणि इतर बाबी 56 लाख. बेरीज 3 कोटी 12 लाख. आता हीच इमारत भाड्याच्या बाजूने पाहू. महिन्याची जमा 99,200, वर्षाची 11,90,400. त्यातून घरपट्टी, विमा, दुरुस्ती आणि मधले रिकामे महिने यांसाठी 1,90,400 वजा केले तर निव्वळ दहा लाख उरतात. खरेदीदार आठ टक्के परतावा मागत असेल तर या उत्पन्नाची किंमत 1 कोटी 25 लाख होते. सात टक्क्यांवर तो समाधानी असेल तर जवळपास 1 कोटी 43 लाख. खर्च आणि टक्के मी उदाहरणादाखल घेतले आहेत, खरा दर तुमच्या गावातल्या व्यवहारांवरून काढावा लागेल. पण एका टक्क्याने अठरा लाख हलतात हे ध्यानात ठेवा, कारण हा दरसुद्धा एक गृहीतकच असतो आणि बहुतेक वाचक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

यावरून दादाचा अहवाल खोटा ठरत नाही, आणि इमारत सव्वा कोटीचीच आहे असेही नव्हे. भाड्याची पद्धत जमिनीच्या पुढच्या शक्यता पकडत नाही आणि जमिनीची पद्धत दुकानदाराला पाहत नाही. खरा सौदा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी होईल. मला तुम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. तुमचा समज आहे की या अटींनी तुमचा हिस्सा कमी केला. निदान कलम 8 पुरते पाहिले तर उलट झाले आहे. त्या अटीने आकडा वर धरून ठेवला आहे, आणि दादा त्यावरच हिशेब करून पैसे द्यायला तयार आहे. नवा अहवाल ‘आहे त्या स्थितीत’ मागवलात तर तो खाली येण्याची शक्यता आहे, ही तयारी मनाशी ठेवूनच पुढचे पाऊल टाका.

तुमच्याविरुद्ध जाणारी अटही आहे. कलम 9 नुसार ‘सध्याचा वापर पुढेही चालू राहील’ असे धरलेले आहे. साधारण 3,200 फुटांच्या भूखंडावर तुमचे बांधकाम दोन्ही मजले मिळून 3,600 फूट आहे. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार अनुज्ञेय चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधता येईल ते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे, आणि बाजारपेठेतल्या रुंद रस्त्यावर ते आज वापरलेल्या क्षेत्रापेक्षा जास्त निघू शकते. मात्र सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग आणि त्या दुकानदाराला नव्या इमारतीत द्यावी लागणारी जागा यांत त्यातले बरेच खर्ची पडेल. महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला मिळतो, तो मागवा. रस्तारुंदीकरणाची रेषा इमारतीवरून जाते का, तेही त्यात कळेल.

मोजमापाचे कलम 5 लहान दिसते, पण तुमच्या जोडपत्रांत मला सर्वांत आधी तेच खटकले. ‘क्षेत्रफळ मालकाने पुरवलेल्या कागदपत्रांवरून घेतले आहे,’ असे ते म्हणते. 3,200 फूट हा आकडा खरेदीखतातला आहे. तुम्ही पाठवलेल्या मालमत्ता पत्रकावर 284.5 चौरस मीटर लिहिले आहे, म्हणजे सुमारे 3,062 चौरस फूट. पुढची पट्टी कधीतरी रस्त्यात गेली असावी, किंवा खरेदीखतातच ढोबळ आकडा पडला असावा. 138 फुटांचा हा फरक 8,000 रुपये दराने 11 लाख 4 हजारांचा होतो. तुमच्या वाट्यात 3 लाख 68 हजारांचा. व्हॅल्यूअरने आपण मोजले नाही हे लिहिले, इतपत तो प्रामाणिक होता. पण ज्याच्या हातात मोजपट्टी असते आणि जो जागेवर गेलेला असतो, त्याला चार भिंती मोजायला अर्धा तास पुरतो.

इथे मी माझीच एक गोष्ट सांगतो. एका जुन्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयाचे मूल्यांकन मी केले होते. आत फॉल्स सीलिंग होते. मी नेहमीचे वाक्य घातले, की ‘आच्छादित भाग उघडून पाहिलेला नाही, तो सुस्थितीत आहे असे गृहीत धरले आहे.’ घेणाऱ्याने ताबा घेतल्यावर सीलिंग काढले, तर स्लॅबच्या सळ्या गंजून फुगलेल्या आणि काँक्रीट सुटलेले. तो माझ्याकडे आला, रागावला नव्हता, फक्त माझा अहवाल उघडून त्याने मीच काढलेला फोटो माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यातल्या सीलिंगच्या चौकोनावर तपकिरी ओलीचा डाग स्पष्ट दिसत होता. सीलिंग उघडणे माझे काम नव्हते हे खरे. पण डाग पाहिल्यावर तो लिहिणे आणि संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या असे सुचवणे हे माझेच काम होते. जे दिसले नाही त्यासाठी अट चालते, जे दिसले आणि लिहिले नाही त्यासाठी नाही. त्या दिवसानंतर मी ते वाक्य पुन्हा कधी जसेच्या तसे उतरवले नाही.

हीच रेघ आपल्या नियमांतही ओढलेली आहे. कंपनी कायद्याखालच्या नोंदणीकृत व्हॅल्यूअरांसाठी 2017 साली झालेल्या नियमांत अहवालात काय काय असावे याची यादी आहे, आणि तिच्यातली मर्यादांविषयीची बाब तुमच्या यजमानांना जरूर वाचून दाखवा: मर्यादा आणि अस्वीकृती (जबाबदारी नाकारणारी विधाने) लिहाव्यात, पण व्हॅल्यूअरपुढच्या अडचणी स्पष्ट करण्यापुरत्याच, अहवालाबद्दलची त्याची स्वतःची जबाबदारी कमी करण्यासाठी नव्हे. त्याच नियमांना जोडलेल्या आचारसंहितेत असेही आहे की अशिलाने पुरवलेल्या किंवा सार्वजनिक स्रोतांतून घेतलेल्या तथ्यांवरची गृहीतके सोडली, तर व्हॅल्यूअरला आपल्या तज्ज्ञतेची आणि दक्षतेची जबाबदारी नाकारता येत नाही. अशिलाच्या सोयीचे मूल्यांकन करून देण्यालाही तिथे मनाई आहे. या व्हॅल्यूअरांची नोंदणी करणाऱ्या भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळाने 2020 साली या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. हे नियम तुमच्या घरगुती वाटणीला थेट लागू होत नाहीत, हे खरे. तरीही चांगल्या आणि वाईट अटीतला फरक तपासायला याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. या कसोटीवर तुमच्या अहवालातले कलम 17, म्हणजे ‘यातील कोणत्याही त्रुटीस आम्ही कोणत्याही परिस्थितीत जबाबदार राहणार नाही,’ हे सरळ नापास होते. त्या एका कलमापुरता यजमानांचा राग रास्त आहे.

कलम 14 सांगते, की हा अहवाल फक्त ज्या बँकेकडून कर्ज घ्यायचे होते तिच्या उपयोगासाठी आहे आणि अन्य कोणी त्यावर विसंबू नये. त्यात लबाडी नाही, पण त्यामुळेच तो तुमच्या वाटणीला पुरेसा नाही. उद्या वाद झाला तर त्या व्हॅल्यूअरला ‘तुमच्या आकड्यावर मी सही केली’ असे तुम्ही म्हणू शकणार नाही. शिवाय मूल्यांकनाची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. आणि हिस्सा विकल्यावर भांडवली नफ्याचा प्रश्न आला, तर 2001 पूर्वीच्या मालमत्तेसाठी 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य लागते. त्याला हा अहवाल उपयोगी पडणार नाही, त्याची जबाबदारी तुमच्या कर सल्लागाराकडे सोपवा. मोबदला घेऊन सोडलेल्या हक्काला मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राची मुद्रांक सवलत मिळेल असे समजू नका, हेही वकिलांकडून आधीच पक्के करून घ्या.

तुम्ही पत्राच्या शेवटी ‘निदान रेडी रेकनरचा दर तरी खरा धरावा ना?’ असे विचारले आहे. तो दर, म्हणजे सरकारी तक्त्यातला दर, मुद्रांक शुल्कासाठी आहे. 1994 साली जवाजी नागनाथम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुद्रांकासाठी ठेवलेल्या दरनोंदवहीवरून भूसंपादनाचे बाजारमूल्य ठरवता येत नाही असे म्हटले होते. तो संदर्भ वेगळा आहे, पण मुद्दा इथेही उतरतो, कारण तुमच्या गल्लीतल्या सगळ्या इमारतींना तो तक्ता एकाच मापाने मोजतो आणि तुमचा किराणा दुकानदार त्याला ठाऊक नसतो.

तर मग करायचे काय? दादाचा अहवाल फेकू नका आणि त्याच्याविरुद्ध स्वतःचा व्हॅल्यूअरही उभा करू नका. दोन बाजूंचे दोन अहवाल आले की दोन आकडे येतात, आणि मग भांडण आकड्यांचे न राहता माणसांचे होते. तिघांनी मिळून एकच नवा व्हॅल्यूअर नेमा, जमीन व इमारत या वर्गात नोंदणीकृत असलेला. त्याला तिघांच्या सहीचे एक पानभर नेमणूकपत्र द्या. त्यात हेतू ‘सहमालकांमधील हिस्साखरेदी’ असा लिहा, मूल्यांकनाची तारीख ठरवून द्या आणि किमती दोन मागा: एक आहे त्या स्थितीत, भाडेकरूंसह, दुसरी रिकामा ताबा आणि पुनर्विकासाची शक्यता धरून. प्रत्येक गृहीतकापुढे ते कशावरून धरले आणि ते चुकीचे निघाले तर आकडा कोणत्या बाजूला हलेल, हेही लिहून मागा. चांगला माणूस याला नाही म्हणणार नाही. शुल्क तिघांत वाटून घ्या आणि ते ठोक ठरवा, किमतीच्या टक्क्यांवर नको.

दादाला सांगताना अहवालाच्या खरेखोटेपणाचा विषयच काढू नका. ‘दादा, तुझ्या अहवालात जागा रिकामी धरली आहे, पण आपले किराणावाले तर तिथेच आहेत, उद्या तुझ्याच अंगावर ती भानगड येईल, म्हणून आपण दोन्ही किमती काढून घेऊ,’ असे म्हणा. ते खरे आहे आणि त्याच्याही हिताचे आहे. धाकटा भाऊ अजून गप्प आहे असे तुम्ही लिहिले आहे. पण नेमणूकपत्रावर त्याची सही लागणारच आहे, म्हणून त्याला आधी फोन करा. आकडा कमी आला तर काय, हे तिघांनी आधीच बोलून ठेवा. इमारत एकत्र ठेवून भाडे वाटून घेणे, किंवा बाहेर विकून पैसे तीन भागांत करणे, हेही पर्याय आहेत, आणि वर्षाला निव्वळ दहा लाखांतले तुमचे सुमारे 3 लाख 33 हजार ही टाकून द्यायची रक्कम नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट राहिली. कलम 11 मध्ये लिहिले आहे, की ‘दुकानावरील पोटमाळा कुलूपबंद असल्याने पाहता आला नाही, तो मंजूर नकाशाप्रमाणे आहे असे गृहीत धरले आहे.’ तुम्ही लिहिता की तो पोटमाळा वडिलांनी नंतर चढवला होता, म्हणजे मंजूर नकाशात तो नसण्याचीच शक्यता जास्त. नवा व्हॅल्यूअर ज्या दिवशी येणार असेल, त्याच्या दोन दिवस आधी किराणावाल्या काकांना निरोप द्या, आणि त्या दिवशी तिघांपैकी कोणीतरी एक जण किल्ली घेऊन जिन्यापाशी उभे राहा.